इंदूरच्या टेबलावर कोसळलेला डोंगर : खडक-बर्फाच्या महास्खलनांचा अभ्यास कसा सुरू करावा

रालामंडलची टेकडी चढून आलो की आम्हा इंदूरकरांचं गिर्यारोहण संपतं. बर्फ बघायचा तर सराफ्याच्या खाऊगल्लीत, तोही गोळ्यावर सरबत टाकलेला. अशा गावात बसून हिमालयातल्या कड्यांचा अभ्यास करतो म्हटलं की घरचे आधी हसतात आणि मग विचारतात, "पण नोकरी?" नोकरीचं मला विचारू नका. अभ्यासाचं मात्र सांगता येईल. दर रविवारी सकाळचे पोहे आटोपले की कॉलेजची चार-पाच पोरं माझ्या जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहून काढलंय.

खडक आणि बर्फ एकत्र कोसळतात ती ही स्खलनं घडताना तिथे बहुधा कुणी नसतं आणि जो असतो तो सांगायला क्वचितच उरतो. त्यामुळे जगभरातले अभ्यासकही बहुतांशी उपग्रहचित्रं, भूकंपमापकांच्या नोंदी आणि मागे राहिलेला राडारोडा यांवरूनच काम करतात. त्यातलं पहिलं साधन तुमच्याकडेही आहे, फुकट. शिवाय सिमरोलच्या आयआयटीत हिमनद्यांवर काम झालेलं आहे. उत्तराखंडातल्या चमोलीच्या २०२१ च्या दुर्घटनेवरचा जो मुख्य शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला, त्याच्या लेखकांत तेव्हा तिथे असलेले मोहम्मद फारूक आझम होते. तेव्हा "इथे कुठे हिमालय" हे कारण चालणार नाही.

आधी नाव नीट ठेवा

७ फेब्रुवारी २०२१ च्या सकाळी साडेदहाच्या आसपास चमोलीतल्या ऋषिगंगा नदीतून चिखलाची भिंत आली तेव्हा टीव्हीवर "ग्लेशियर फटा" सुरू झालं. आपल्या मराठी बातम्यांत त्याचा "हिमकडा कोसळला" झाला. पहिले काही दिवस बरीच मंडळी वर कुठे फुटलेलं सरोवर आहे का ते शोधत होती. तसं सरोवर नव्हतंच. रोंती शिखराच्या उत्तर उतारावरचा खडकाचा एक मोठा तुकडा, अंगावरच्या बर्फासकट, सुमारे ५५०० मीटर उंचीवरून सुटला होता.

नावाचा एवढा आग्रह का? कारण नावावरून तुम्ही कुठे बघणार ते ठरतं. ताज्या भुसभुशीत बर्फाचं हिमस्खलन वेगळं, टांगत्या हिमनदीचा तुकडा तुटणं वेगळं, सरोवर फुटणं वेगळं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीमला दक्षिण ल्होनाक सरोवराच्या काठचा गोठलेला हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) पाण्यात कोसळला, लाट उठली, बांध फुटला आणि खाली चुंगथांगचं तीस्ता-३ धरण गेलं. तिथे सुरुवात दरडीची होती आणि नुकसान पुराने केलं. चमोलीतही खाली पोचेपर्यंत पूरच झाला होता, पण त्यातलं पाणी आलं कुठून याचं उत्तर अगदी निराळं आहे. त्याकडे पुढे येऊ, माझा सगळ्यात आवडता हिशोब आहे तो.

एकच घटना घ्या

नवी मुलं पहिल्याच दिवशी संपूर्ण हिमालयाचा धोक्याचा नकाशा करायला निघतात. तसं करू नका. एक घटना घ्या आणि ती सुटल्या जागेपासून थांबल्या जागेपर्यंत पाठ करा. मी चमोलीच देतो. माहिती भरपूर आहे, उपग्रहचित्रं आहेत, लोकांनी काढलेले व्हिडिओ आहेत आणि मोजून तपासलेले आकडे आहेत, म्हणजे तुमचं उत्तर चुकलं तर कळेल. सुमारे २.७ कोटी घनमीटर ऐवज खाली आला. त्यात अंदाजे ८० टक्के खडक आणि २० टक्के बर्फ. दहा घनमीटरचा एक डंपर धरला तर सत्तावीस लाख डंपर. दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, त्यातली बहुतेक ऋषिगंगा आणि तपोवन-विष्णुगाड या जलविद्युत प्रकल्पांवर काम करणारी होती. जवळचं रैणी हे गाव चिपकोमुळे आपल्याला ठाऊक असतं.

चित्रं : आधीचं आणि नंतरचं

कोपर्निकस या युरोपीय उपग्रह-कार्यक्रमाच्या ब्राउझरवर खातं उघडा आणि ३०.३८ उत्तर, ७९.७३ पूर्व या जागी जा. सेंटिनेल-२ उपग्रहाची ५ फेब्रुवारी आणि १० फेब्रुवारी २०२१ ची चित्रं उतरवून घ्या. चित्रातला एक चौकोन (पिक्सेल) म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकावर एक लावा आणि वरचं चालू-बंद करत राहा. तासभर दुसरं काही करायचं नाही.

पहिल्यांदा काहीच दिसत नाही म्हणून सगळे वैतागतात. फेब्रुवारीत उत्तरेकडचा उतार सावलीत असतो, त्यामुळे तो भाग काळा ठिक्कर येतो. उजेडाची पट्टी फक्त सावलीपुरती ताणा, म्हणजे आतली रेघ न् रेघ दिसायला लागते. मग शोधा: सुटल्या जागेची ताजी खूण, उतारावरची मळकट वाट, दरीच्या दोन्ही काठांवर चिखल कुठवर चढला त्याची रेघ आणि आजूबाजूच्या पांढऱ्या बर्फावर बसलेली धूळ. दरीत सुमारे २० हेक्टर जंगल नुसत्या हवेच्या झोताने आडवं झालं होतं. तेही सापडतं, पण ते वाहत्या ऐवजाच्या वाटेत मोडत नाही. दोन्ही एकाच रेघेत कोंबाल तर वाट उगाच रुंद होईल.

रेखाटताना दोन थर ठेवा, एक "नक्की" आणि एक "बहुतेक". हा माझा हट्ट आहे. सहा महिन्यांनी तुम्हालाच आठवत नाही की अमुक कड तुम्ही डोळ्यांनी पाहिली होती की मनाने भरली होती.

मग मागे जा. २०१६ पर्यंत. त्याच उताराच्या शेजारून तेव्हा बर्फाचा एक मोठा तुकडा पडला होता आणि पुढे जो भाग कोसळला त्याच्या डोक्यावरची भेगही तेव्हापासूनच्या चित्रांत दिसते. पोरं इथे उसळून विचारतात, "मग कुणी सांगितलं का नाही?" त्यांना म्हणतो, आता हिमालयातले असे भेगाळलेले सगळे उतार मोजा आणि त्यातले कोणते पडले नाहीत ते सांगा. प्रश्न तिथेच अडतो. नेहमीच अडतो असंही नाही. स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर २८ मे २०२५ ला बर्च हिमनदी आणि तिच्यावर साचलेला खडक कोसळला. पण डोंगराची हालचाल आधीच मोजली जात होती, म्हणून सुमारे तीनशे माणसांचं गाव नऊ दिवस आधी रिकामं केलं होतं. गाव गाडलं गेलं, गावकरी वाचले. एक माणूस मात्र गेला.

परातीतला साबुदाणा

आता स्वयंपाकघरात चला. परातीत साबुदाण्याची धार एका जागी सोडा. ढीग चढतो, घसरतो आणि एका कोनावर स्थिरावतो. मोबाइलमधल्या कोनमापकाने तो मोजा. सुटा दगड, वाळू यांचंही असंच, तीस-पस्तीस अंशांच्या घरात. तीस अंशांचा उतार म्हणजे आडव्या एक मीटरला उभे साधारण ०.६ मीटर.

१८८१ मध्ये स्वित्झर्लंडच्या एल्म गावावर डोंगर पडून ११५ माणसं गेली. आल्बर्ट हाइम या भूवैज्ञानिकाने तिथलं अंतर मोजून विचारलेला प्रश्न आजही आपल्याला पुरतो: वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती उतरला आणि किती लांब गेला? उतरलेली उंची भागिले लांबी. लहान दरडीत हा आकडा त्या साबुदाण्याच्या आसपास येतो. ऐवज जितका मोठा तितका तो खाली घसरतो, आणि बर्फ असला की आणखी. पेरूच्या वास्कारान शिखरावरून ३१ मे १९७० च्या भूकंपात सुटलेला ढीग सुमारे ४ किलोमीटर उतरला आणि १६ किलोमीटर धावला. म्हणजे ०.२५, फक्त चौदा अंश. युंगाय हे शहर त्याखाली गेलं. राजवाड्यापासून निघून राऊच्या पुढे जाल एवढं ते अंतर.

चमोलीसाठी हा आकडा स्वतः काढा. पण एक पेच आहे: शेवट कुठे धरायचा? ढीग थांबला तिथे, की चिखलाचा पूर थांबला तिथे? मी दोन्ही लिहायला लावतो, शेजारी शेजारी.

घनफळ, म्हणजे खरी डोकेदुखी

कोसळण्याआधीची उंची वजा नंतरची उंची, गुणिले चौकोनाचं क्षेत्रफळ. ऐकायला सोपं. ३० मीटरचा चौकोन ९०० चौरस मीटरचा, समजा असे ३०० चौकोन सरासरी १०० मीटरने खचले, तर झाले २.७ कोटी घनमीटर. पोरं पाच मिनिटांत करतात आणि उत्तर दुप्पट किंवा निम्मं येतं.

कारणं साधारण हीच असतात. फुकट मिळणारे उंचीचे नकाशे वेगवेगळ्या काळचे असतात. एसआरटीएम हा अवकाशातून रडारने केलेला नकाशा फेब्रुवारी २००० चा आहे, त्यानंतर वीस वर्षांत हिमनद्या पातळ झाल्या, आणि ती झीज तुम्ही स्खलनाच्या खात्यात घालता. एसआरटीएम आणि कोपर्निकसचा ३० मीटरचा नकाशा यांचा 'शून्य' एकच नाही, समुद्रसपाटी ठरवायच्या पद्धती दोन. रडारच्या लहरी कोरड्या बर्फात काही मीटर आत शिरतात आणि खालची उंची वरची म्हणून सांगतात. आणि सगळ्यात फसवं म्हणजे दोन नकाशे एकमेकांवर नीट बसलेले नसणं. उभ्या कड्यावर एक नकाशा अर्धा चौकोन सरकला तरी उंचीत दहा-वीस मीटरचा खोटा फरक येतो. उताराच्या एका बाजूला सगळं खचलेलं आणि दुसऱ्या बाजूला सगळं फुगलेलं दिसलं की समजायचं, डोंगर हललेला नाही, नकाशा हललाय.

उपाय असा. जिथे काहीच घडलेलं नाही अशी जमीन निवडा, हिमनदी नाही, दरड नाही, नदीपात्र नाही. तिथे वजाबाकी शून्य यायला हवी. जितकी येत नाही तितकी तुमची चूक, आणि ती आधी दुरुस्त करायची. नूट आणि केब या अभ्यासकांची २०११ ची रीत यासाठी सर्रास वापरतात, पायथन या संगणकभाषेच्या एक्सडेम संचात ती तयार मिळते. उरलेली चूक घनफळापुढे अधिक-उणे करून लिहा. ती न लिहिलेला आकडा मी बघतही नाही.

आणि एक इंदुरी घोळ. आपण सराव इंदूरच्या नकाशावर करतो आणि इंदूर यूटीएमच्या, म्हणजे पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायच्या नकाशापद्धतीच्या, ४३ क्रमांकाच्या पट्ट्यात येतं. चमोली ४४ मध्ये. पट्टा न बदलता मी एकदा अख्खा आठवडा काम केलं होतं. चित्र दिसत छान होतं. आकडे चुकलेले होते.

पाणी आलं कुठून?

हा हिशोब कॅल्क्युलेटरवर करा, कॉम्प्युटरवर नको. कोसळलेल्या ऐवजाचा एक घनमीटर घ्या. त्यात ०.८ भाग खडक, घनता २७०० किलो, म्हणजे २१६० किलो. ०.२ भाग बर्फ, घनता ९१७, म्हणजे साधारण १८३ किलो. एकूण २३४३. हा ऐवज तपोवनाकडे उतरेपर्यंत ३४०० मीटर खाली आला असं धरा. उंचीची ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची: सुमारे ७८० लाख ज्यूल. १८३ किलो बर्फ वितळायला, अप्रकट उष्मा किलोला ३.३४ लाख ज्यूल धरून, लागतात सुमारे ६१० लाख.

बसला हिशोब. घर्षणातून निघालेली उष्णता जवळपास सगळा बर्फ वितळवायला पुरेशी आहे. सरोवर लागत नाही, पाऊस लागत नाही. पाणी त्या दगडांनीच स्वतःबरोबर आणलं आणि वाटेत बनवलं.

आता तोच हिशोब निम्मा खडक, निम्मा बर्फ धरून करा. वस्तुमान १८०८ किलो, ऊर्जा सुमारे ६०० लाख, पण बर्फ वितळायला लागणार १५०० लाखांहून जास्त. निम्म्याहून अधिक बर्फ तसाच राहील. म्हणजे बर्फ जास्त असला की पाणी जास्त, असं सरळ नाही! खडक जास्त आणि बर्फ थोडा, हे मिश्रण खालच्या माणसाला जास्त महागात पडतं. माझ्या टेबलावर या ओळीला नेहमी शांतता पसरते.

अर्थात सगळी उष्णता बर्फालाच मिळते असं नाही. काही खडक तापवण्यात जाते, काही तो फोडण्यात, आणि बर्फ शून्याच्या खाली असला तर आधी त्याला शून्यावर आणावं लागतं. म्हणून वरचा आकडा ही कमाल मर्यादा. ती लक्षात ठेवूनही चित्र बदलत नाही.

वेग

लोकांच्या व्हिडिओतून वेग काढता येतो: पुराचं तोंड एका ओळखीच्या खुणेपासून दुसरीपर्यंत किती सेकंदांत गेलं, आणि नकाशावर त्या दोन खुणांमधलं अंतर किती. चमोलीत ऋषिगंगा प्रकल्पाजवळ सेकंदाला सुमारे २५ मीटर आणि तपोवनच्या वर १६ च्या आसपास असे वेग निघाले.

व्हिडिओ नसला तर वळण शोधा. वळणावर चिखल बाहेरच्या काठावर जास्त चढतो, वळणाऱ्या बसमध्ये प्रवासी बाहेरच्या बाजूला ढकलले जातात तसा. वळणाची त्रिज्या, गुरुत्वत्वरण आणि दोन काठांच्या खुणा जोडणाऱ्या रेघेच्या उताराचा टॅन यांचा गुणाकार, त्याचं वर्गमूळ. त्रिज्या ४०० मीटर आणि कल १० अंश असेल तर सेकंदाला २६ मीटर. खूण उडालेल्या शिंतोड्यांची असेल तर वेग फुगतो, तेवढं सांभाळा.

आता कुठे मॉडेल

इथवर यायला माझ्या पोरांना दोन-अडीच महिने लागतात. मधेच कुणीतरी थेट मॉडेल, म्हणजे स्खलनाची संगणकावरची नक्कल, चालवून रंगीत चलच्चित्र दाखवतो आणि सगळे त्याच्याभोवती जमतात. जमू द्यावं. पण ज्याच्याकडे मोजलेलं घनफळ, वाट, पल्ला आणि वेग नाही, त्याला आपलं मॉडेल चुकलंय हे कळायचा मार्गच नाही.

सुरुवात फोएल्मी या अभ्यासकाच्या घर्षणाच्या सूत्रापासून करा. स्वित्झर्लंडमध्ये १९५५ साली हिमस्खलनांसाठी मांडलेली ही कल्पना आजही चालते. विरोधाचे दोन भाग: एक वजनाच्या प्रमाणात, त्याचा गुणांक म्यू, आणि एक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, त्याचा गुणांक क्साय. ढोबळमानाने म्यू ठरवतो कुठे थांबणार, क्साय ठरवतो किती जोरात जाणार. खडकाच्या स्खलनांसाठी म्यू ०.१ आणि क्साय ५०० पासून सुरुवात करतात. बर्फ-पाण्याच्या मिश्रणात म्यू आणखी खाली न्यावा लागतो.

मॉडेल चालवण्याआधी हे कागदावर बघा. उताराच्या कोनाच्या साइनमधून म्यू गुणिले कोसाइन वजा करा, त्याला क्सायने आणि प्रवाहाच्या जाडीने गुणा, वर्गमूळ घ्या. वरचेच म्यू-क्साय धरून जाडी २० मीटर, उतार १० अंश असेल तर सेकंदाला साधारण २७ मीटर, ताशी शंभर किलोमीटरच्या जवळ. मॉडेलने यापेक्षा दसपट वेग दाखवला तर मॉडेलमध्ये काहीतरी बिघडलंय, हिमालयात नाही.

सॉफ्टवेअरमध्ये रॅम्स सोपं आहे पण परवाना विकत घ्यावा लागतो. आर डॉट अवाफ्लो फुकट आणि खुलं आहे, ग्रास जीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरच्या आधाराने चालतं, आणि त्यात खडक, बर्फ, पाणी वेगवेगळे धरता येतात. चमोलीवरच्या त्या शोधनिबंधातही तेच वापरलं होतं. त्यासाठी लॅपटॉपवर लिनक्स घाला. विंडोजशी झटापट करण्यात मी दोन रविवार घालवलेत, तुम्ही नका घालवू.

पहिल्यांदा ३० मीटरच्या चौकोनावर, एकाच पदार्थाचं मॉडेल, आणि फक्त दरीच्या वरच्या भागापुरतं. संपल्यावर पहिली तपासणी घनफळाची: टाकलं तितकंच बाहेर पडलं का? दुसरी, प्रवाह नकाशाच्या कडेवरून पळून तर गेला नाही? मग म्यूच्या पाच आणि क्सायच्या पाच किमती घेऊन पंचवीस वेळा, रात्रभर चालवा. सकाळी दिसेल की चार-पाच वेगवेगळ्या जोड्या ढीग एकाच जागी थांबवतात. पल्ला जुळला म्हणून आनंद झालेला असतो तो तिथे मावळतो. त्या चार-पाचांतून निवड करायला वेगाचा मोजलेला आकडा लागतो, म्हणून आधी तो काढून घेतला.

ऋषिगंगेच्या खाली मात्र एका पदार्थाच्या फोएल्मीला राबवू नका. तिथे तो खडकाचा ढीग उरलेलाच नव्हता, गाळाचा पूर होता. तिथून बहुपदार्थी मॉडेल, नाहीतर थांबा आणि तसं लिहा.

एक सूचना कळकळीची. जुळलेलं मॉडेल दुसऱ्या, अजून न कोसळलेल्या उतारावर चालवायचा मोह होईल. चालवा, शिका. पण खऱ्या गावावर लाल रंग पसरलेला तो नकाशा व्हॉट्सॲपवर टाकू नका. त्या गावातला माणूस तुमचं अधिक-उणे वाचत नाही, तो रात्रभर जागा राहतो. काही गंभीर वाटलंच तर आधी एखाद्या जाणत्याकडून तपासून घ्या, आणि मग रीतसर आपत्ती व्यवस्थापनाकडे द्या.

पुढची घटना

चमोली झाल्यावर बरेच जण २०१५ चं लांगटांग मागतात, नेपाळच्या भूकंपातलं. तिथे भूकंपाने अनेक जागचं बर्फ-खडक एकाच वेळी सोडलं, सुटल्या जागा वेगळ्या काढणं अवघड. मी कोल्का देतो: काकेशस, २० सप्टेंबर २००२, जवळपास अख्खी हिमनदीच जागेवरून उठून कर्मदोनच्या घळीपर्यंत गेली. तेव्हा सेंटिनेल नव्हते, लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवर भागवावं लागतं, त्यामुळे डोळा तयार होतो. चमोलीचे म्यू-क्साय तसेच ठेवून, काहीही न हलवता, पहिलं मॉडेल चालवा आणि किती चुकतं ते लिहून घ्या. मगच हात लावा. आणि हो, कोल्का ३८ क्रमांकाच्या पट्ट्यात येतो, ४४ बदलायला विसरू नका.